सांगलीत राहून डिजिटल फिल्ममेकिंग शिकताना : अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

१२ जून २०२३ रोजी विश्रामबागेतल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात एका महिला महाविद्यालयाचे शिपाई एक माहितीपत्रक घेऊन आले आणि त्याच्या दोनशे प्रती मागितल्या. ‘डिजिटल फिल्ममेकिंग पदविका, कालावधी एक वर्ष, पात्रता बारावी उत्तीर्ण, वयाची अट नाही, जागा २४’ एवढाच मजकूर त्यावर होता. दोनशे प्रती निघेपर्यंत तो माझा पाठ झाला. दुकानात मी लग्नपत्रिकांची जुळणी करते. गेल्या काही वर्षांत गिऱ्हाइके पत्रिकेबरोबर मोबाइलवर पाठवायला ‘छोटा व्हिडिओ’ही मागू लागली होती आणि मी फोटोंना गाणे जोडून वेळ मारून नेत होते. हे काम नीट यावे, एवढाच माझा हेतू होता. चित्रपट दिग्दर्शित करण्याचे वगैरे स्वप्न नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे, कारण वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकीला तिचे स्वप्न विचारण्यात आले आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. तेव्हा माझे वय ३७ होते, मुलगी नववीत होती आणि अभ्यास सोडून अठरा वर्षे झाली होती. माझ्यासारख्या कोणाला असा प्रवेश घ्यायचा असेल तर तिची निदान कागदपत्रांची वणवण कमी व्हावी, म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

प्रवेश अर्ज शंभर रुपयांचा होता. त्याला जोडायची कागदपत्रे म्हणजे बारावीचे गुणपत्रक, मूळ दाखला, आधार कार्ड आणि शिक्षणात खंड पडला असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र. यादी साधी दिसत असली तरी माझ्या बाबतीत चारही कागदांशी काही ना काही अडचण होती. मूळ दाखला मी २००४ साली बी. ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना माहेरच्या तालुक्यातल्या महाविद्यालयात जमा केला होता आणि वर्ष अर्धवट सोडल्यावर तो परत घ्यायला कधी गेलेच नव्हते. १६ जूनला तिथे गेले, तेव्हा जुने रजिस्टर निघाले आणि त्यात माझ्या नावावर ग्रंथालयाचे एक पुस्तक येणे असल्याचे निघाले. पुस्तकाची किंमत आणि दंड मिळून ३४० रुपये भरले, ‘येणे नाही’ असा शेरा घेतला आणि २५ जूनला दुसऱ्या फेरीत दाखला हातात पडला. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आहे त्यांनी प्रवेशाचा विचार मनात येताच, अर्ज घेण्याच्याही आधी, मूळ दाखला कुठे पडून आहे याचा शोध घ्यावा.

खरी अडचण नावाची होती. गुणपत्रकावर आणि दाखल्यावर माझे माहेरचे नाव होते. आधार कार्डावर सासरचे होते. आमच्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत असल्याने दोन कागदांवरच्या दोन बाया एकमेकींच्या नात्यातल्याही वाटत नव्हत्या. महाविद्यालयाच्या लिपिकांनी विवाह नोंदणीचा दाखला मागितला. आमचे लग्न २००६ मधले आणि नोंदणी केलेलीच नव्हती. तेव्हा महापालिकेत उशिराच्या नोंदणीसाठी अर्ज केला. त्यासाठी तीन साक्षीदार, दोघांचे वयाचे व पत्त्याचे पुरावे, लग्नातला फोटो, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही आणि लग्नपत्रिका लागली. गुरुजी हयात नव्हते, म्हणून त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र करावे लागले. पत्रिका मात्र सापडेना. आयुष्यभर लोकांच्या पत्रिका छापणाऱ्या घरात स्वतःची एकही प्रत नव्हती. शेवटी ती नणंदेच्या घरी, हळदीकुंकवाच्या जुन्या डब्यात तळाशी घातलेल्या कागदाच्या रूपात मिळाली.

विवाह नोंदणीचा दाखला मिळायला २२ दिवस लागले आणि प्रवेशाची शेवटची तारीख १५ जुलै होती. हे जमणार नाही असे धरून मी अर्ज मागे घ्यायला गेले, तेव्हा लिपिकबाईंनीच सांगितले की साठ दिवसांत कागद आणून देण्याचे हमीपत्र दिले तर तात्पुरता प्रवेश मिळतो. ही सोय माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नव्हती. ‘मॅडम, हमीपत्रावर चालेल का?’ हा एक प्रश्न विचारायला शिकणे मला वर्षभर उपयोगी पडले. पुढे विवाहाचा दाखला आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र जोडल्यावर प्रवेश कायम झाला. प्रवेश दाखल्यावरच्या, म्हणजे माहेरच्या, नावाने झाला. हजेरीपटावर ते नाव पुकारले की मला पहिले काही दिवस ‘हजर’ म्हणायचे सुचत नसे.

शुल्क १८,००० रुपये होते, दोन हप्त्यांत. त्याशिवाय कॅमेरा व इतर साहित्य वापरण्याबद्दल २,००० रुपये अनामत. वर्ग सोमवार ते शुक्रवार दुपारी ३ ते ५.३० आणि शनिवारी दिवसभर प्रात्यक्षिक. हजेरी ७५ टक्के सक्तीची. दुकानाचा दुपारचा वेळ यजमानांनी आणि संध्याकाळच्या भाकरीचे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वाटून घेतले. लग्नसराईतले दोन महिने मात्र हे गणित बसले नाही आणि मी पहाटे चारला उठून पत्रिका जुळवल्या. २४ जागांवर १९ जणी आल्या. तिघी सोडल्यास सगळ्या अठरा-एकोणीस वर्षांच्या. त्या मला पहिल्या आठवड्यात ‘काकू’ म्हणत. ट्रायपॉड उचलून जिना चढल्यावर ‘ताई’ म्हणू लागल्या.

ऑगस्टमध्ये कॅमेरा हातात मिळेल असे वाटले होते. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे आम्ही स्वतःचे मोबाइलच वापरले, आणि ते योग्य होते असे आता वाटते. पहिल्याच अभ्यासात वर्गातल्या ट्यूबलाइटखाली घेतलेल्या माझ्या चित्रणात काळसर पट्टे वरून खाली सरकताना दिसले. मला वाटले, मोबाइल बिघडला. सरांनी कारण सांगितले ते असे : आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चौकटी, म्हणजे फ्रेम, टिपण्यावर लावलेला असतो आणि त्याची शटरची गती या लयीशी जुळत नाही. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवले की पट्टे जातात. इतकी वर्षे लग्नातल्या व्हिडिओंमध्ये हे पट्टे पाहून मी कॅमेऱ्याला नावे ठेवली होती. वर्षभरात शिकलेल्या गोष्टींपैकी दुकानात मला रोज उपयोगी पडते ती हीच.

चित्र किती उजळ येईल ते ठरवणाऱ्या आयएसओ, ॲपर्चर, शटर या त्रयीवर मी इथे अधिक लिहीत नाही, कारण ते कुठेही शिकायला मिळते. अवघड गेली ती काल्पनिक रेषा. दोघी समोरासमोर बसून बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक रेषा मानायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेषा ओलांडली की पडद्यावर दोघीही एकाच दिशेला पाहत बोलल्यासारखे दिसते. हे ऐकताना कळले, करताना मी तीनदा चुकले. अखेर मी घरी मुलीच्या दोन बाहुल्या ताटात बसवून, मध्ये लाटणे ठेवून मोबाइलने सराव केला. आई बराच वेळ पाहत होत्या, पण काही म्हणाल्या नाहीत.

इतिहासाचे तास थोडे होते. कोल्हापूर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथे १९२९ साली सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि तिच्याच जागेवर आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था (एफटीआयआय) उभी आहे, हे ऐकून वर्गातल्या मुलींना आपल्या गावाजवळून काहीतरी निसटल्यासारखे वाटले. माझ्या वहीत मात्र दुसरेच एक वाक्य अधोरेखित आहे. दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला छिद्रे पाडणे, फिल्म धुणे ही कामे करीत आणि चित्रीकरणाला आलेल्या मंडळींचा स्वयंपाकही करीत. त्याच रात्री मी दुसऱ्या दिवशीच्या प्रात्यक्षिकासाठी सहा जणींची पोळी-भाजी बांधत होते, म्हणून ते वाक्य लक्षात राहिले असावे.

ऑक्टोबरपासून ध्वनी हा विषय आला आणि माझी समजूत बदलली. चित्र थोडे अंधारे किंवा हललेले असले तरी प्रेक्षक चालवून घेतो, पण शब्द कळला नाही तर तो उठून जातो, हे सरांचे म्हणणे मला आधी अतिशयोक्त वाटले होते. आमच्या घरच्या स्वयंपाकघरात दोन मिनिटांचा संवाद ध्वनिमुद्रित केला आणि हेडफोन लावून ऐकला तेव्हा पंखा, फ्रिज, रस्त्यावरचा भंगारवाला आणि शेजारच्या कुकरची शिट्टी यांच्या मागे कुठेतरी माणसे बोलत होती. पंखा आणि फ्रिज बंद करायचे हे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन लिटर दूध नासलेले निघाले, कारण फ्रिज पुन्हा सुरू करायला आम्ही विसरलो होतो. यावर या व्यवसायातली एक जुनी युक्ती आहे : फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे घरी निघताना आठवण होतेच. आणखी एक गोष्ट अशी की काम संपल्यावर कोणीही न बोलता, न हलता त्या जागेची अर्धा-एक मिनिट शांतता ध्वनिमुद्रित करून ठेवावी. संकलनात दोन तुकडे जोडताना मधला खड्डा भरायला ती लागते. आमच्या गटात ती अर्धा मिनिट कोणी ना कोणी हसल्यामुळे दर वेळी तीन-तीनदा घ्यावी लागे.

डिसेंबरमध्ये पदविकेच्या माहितीपटाचे विषय मागवण्यात आले. मर्यादा १२ मिनिटांची होती आणि गट तिघींचा. मी हळद हा विषय दिला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हळदीचे सौदे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण मला मुख्यतः हरिपूरची पेवे दाखवायची होती. शहरापासून चार-पाच किलोमीटरवर, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ असलेल्या या गावात जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची पद्धत होती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे आणि पोट मोठे. तोंड बंद करून वरून माती लिंपली की आत हवा खेळत नाही, त्यामुळे हळदीला कीड लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यातली बहुतेक पेवे निकामी झाली. पुढे गोदामे आणि शीतगृहे आली.

चित्रीकरणाच्या परवानग्यांत जानेवारी गेला. मार्केट यार्डात चित्रीकरण करायचे तर बाजार समितीला पत्र द्यावे लागते. ‘विषय : शैक्षणिक माहितीपटाच्या चित्रीकरणास परवानगी मिळणेबाबत’ असे लिहून, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यासह आम्ही ते दिले. पहिले पत्र परत आले, कारण आम्ही तारीख आणि वेळच घातली नव्हती. चूक आमचीच होती. दुसऱ्या पत्रात सर्वांची नावे, ओळखपत्रांच्या प्रती, तीन पर्यायी तारखा आणि ‘सौद्याच्या कामकाजात अडथळा आणणार नाही’ असे लेखी आश्वासन दिल्यावर काम झाले. पत्राची दुसरी प्रत नेऊन त्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पुढे गेटवर अडवले गेले तेव्हा मूळ परवानगी कार्यालयात आणि आम्ही बाहेर, अशा वेळी त्या पोचेवरच आम्हाला आत सोडले. ड्रोनचा विचार आम्ही सोडून दिला, कारण त्याचे नियम वाचण्यातच एक शनिवार गेला आणि आमच्या गोष्टीला वरून पाहण्याची गरज नव्हती. आमची गोष्ट जमिनीखालची होती.

एक परवानगी मात्र मला आजही खटकते. सकाळी ७ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर साहित्य बाहेर न्यायचे असल्यास महाविद्यालयाला पालकांचे संमतीपत्र लागे. मुलींच्या सुरक्षिततेसाठी हा नियम असणे मी समजू शकते. परंतु मी ३७ वर्षांची, एका मुलीची आई, आणि माझेही पालक लागत होते. यजमान त्या दिवशी कोल्हापूरला गेले होते. शेवटी ‘पालक’ या रकान्यात आईंनी सही केली आणि पेन खाली ठेवताना म्हणाल्या, “जायचं तर जा, पण त्या पेवात उतरायचं नाही. माझी सही हाय खाली.”

फेब्रुवारीत नवी हळद यार्डात येऊ लागली आणि आम्ही चित्रीकरण सुरू केले. सौद्यांच्या वेळी ढिगांभोवती इतकी दाटी असते की ट्रायपॉड लावणे अशक्य. हमालांना वाट देत, भिंतीला पाठ टेकून, कोपर पोटाशी धरून कॅमेरा हातात घेतला. हळदीची धूळ सर्वत्र बसते. लेन्सवरचे फिल्टर पुसताना मी पदराने पुसले आणि त्यावर चरा पडला. वर्षाअखेरीस अनामत रकमेतून ६०० रुपये कापले गेले, ते यासाठी. मऊ ब्रश आणि हवेचा छोटा पंप जवळ ठेवावा, पदर वापरू नये.

हरिपूरला ज्यांच्या वाड्यामागे एक पेव शाबूत होते, ते आजोबा ऐंशीच्या पुढचे. पहिल्या भेटीत आम्ही कॅमेरा नेलाच नाही. दुसऱ्या भेटीत नेला, पण बाहेर काढला नाही. तिसऱ्या भेटीत त्यांनीच विचारले, “त्या पिशवीत काय हाय, ते तरी दाखवा.” त्यांनी तोंडावरची माती काढून फरशी सरकवली तेव्हा आतून आलेल्या दमट, कडवट वासाला कॅमेऱ्यात जागा नव्हती, याचे मला फार वाईट वाटले. मी वाकून पाहू लागले तशी त्यांनी काठी आडवी धरली. “उघडल्या उघडल्या तोंड घालायचं न्हाई. आधी तासभर वारं खाऊ द्यायचं. मग कंदील सोडायचा. कंदील इझला तर माणूस सोडायचा न्हाई.” बंद पेवात प्राणवायू उरत नाही आणि घाईने उतरलेली माणसे गुदमरून दगावल्याच्या गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांनी खरोखरच कंदील सोडला. दोरी हळूहळू सुटत गेली, उजेड भिंतीवरून फिरत खाली गेला, आणि काही वेळाने विझला. ते चित्र आमच्या माहितीपटाची सुरुवात आहे.

आतले दृश्य घेण्यासाठी आम्ही एक जुना मोबाइल आणि छोटा एलईडी दिवा बांबूला बांधून खाली सोडला. संध्याकाळी घरी येऊन पाहिले तर मोबाइल सेकंदाला ३० चौकटींवरच राहिला होता आणि आमचा सगळा माहितीपट २५ चौकटींवर होता. बांबू फिरताना चित्र अडखळत पुढे सरकत होते. ऑगस्टमध्ये जे पहिल्या आठवड्यात शिकले, तेच मार्चमध्ये विसरले. पुन्हा जायचे म्हणजे आजोबांना पुन्हा माती उकरायला लावायची. दोन दिवस मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या गटातली मिरजेची मुलगी म्हणाली, “ताई, तुम्ही नाही केलात तर मी करते.” आजोबा फोनवर एवढेच म्हणाले, “या की. मातीला कुटं पैसं पडत्यात?”

हळद निवडणाऱ्या बायकांच्या मुलाखती आम्ही एका अडत दुकानाच्या गोदामात घेतल्या. कॉलर माईक साडीच्या पदराला लावला होता. पदर सारखा हलत होता आणि शेजारी हळद पॉलिश करणारे पिंप फिरत होते. हेडफोन होते, पण ते गळ्यात अडकवून मी कॅमेऱ्याकडे पाहत राहिले. चार मुलाखतींपैकी एकही वापरण्यासारखी निघाली नाही. सहायिकेच्या कानाला हेडफोन आणि हातात चित्रण थांबवायचा अधिकार, ही दोन्ही असल्याशिवाय मुलाखत सुरू करू नये, हे मी आता प्रत्येक नव्या मुलीला सांगते. आवाजाची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली पाहिजे, हेही त्याच व्यक्तीने पाहावे.

एप्रिल संकलनात गेला. एकूण ३ तास ४० मिनिटांचे चित्रण जमले होते. आमचा कॅमेरा मिनिटाला साधारण पावणेचारशे एमबी जागा घेई, म्हणजे सगळे मिळून ऐंशी जीबीच्या वर. ते दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, हा नियम आम्ही पाळला आणि वर्गातल्या एका गटाने पाळला नाही. त्यांचे दोन दिवसांचे काम गेले. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आमच्या कामाला पुरली. माझ्या दुकानातला संगणक मात्र ८ जीबी रॅमवर धापा टाकू लागला, म्हणून २,९०० रुपयांना रॅम वाढवून घेतली आणि चित्रणाच्या हलक्या प्रती तयार करून त्यांवर संकलन केले. मराठी नावे टाकताना माझ्या संगणकावर जोडाक्षरे फुटत होती, ‘कृष्णा’चा पार चुरा होई. तेव्हा मी पत्रिका जुळवते त्याच पद्धतीने नावांच्या पट्ट्या पारदर्शक चित्र म्हणून तयार केल्या आणि वर ठेवल्या. वर्षभरात मला वर्गाआधी काही आले असेल तर ते हेच, आणि मग इतर पाच गटांच्या पट्ट्याही मीच केल्या.

तोंडी परीक्षा मेच्या पहिल्या आठवड्यात होती. पण ७ मे २०२४ रोजी सांगलीत लोकसभेचे मतदान होते, प्राध्यापकांना निवडणुकीच्या कामाचे आदेश आले आणि परीक्षा २१ मेपर्यंत पुढे गेली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माहितीपट पाहिला, पेवाच्या दृश्यांबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मग म्हणाल्या, “यात किती बायका दिसतात, मोजल्यात का?” मी मोजल्या नव्हत्या. त्यांनी मोजल्या होत्या, २३. “आणि बोलतात किती?” एकही नाही. आजोबा बोलत होते, अडते बोलत होते, हमाल बोलत होते. मी ध्वनी खराब झाल्याचे कारण सांगितले. ते खरे होते, तरी सांगताना माझाच आवाज लहान झाला. आम्ही तिघीही उत्तीर्ण झालो, तरी बाहेर आल्यावर तिघींपैकी कोणीच पेढ्यांचे नाव काढले नाही.

जुलैच्या १२ तारखेला महाविद्यालयाच्या सभागृहात सर्व माहितीपट पालकांना दाखवायचे होते. (अशा घरगुती प्रदर्शनाला काही लागले नाही. चित्रपटगृहात सार्वजनिकरीत्या दाखवायचे असेल तर मात्र केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते.) तत्पूर्वी जूनमध्ये आम्ही मुलाखत दिलेल्या त्या चौघींपैकी एका मावशींच्या घरी गेलो. गोदामात नव्हे, घरी, सकाळी पाणी भरून झाल्यावर. माईक पदराला न लावता ब्लाउजच्या गळ्याच्या आतून औषधाच्या चिकटपट्टीने बसवला आणि त्याच्या वायरीला एक सैल वेटोळे दिले. आम्ही सगळ्या बायकाच असल्याने हे त्यांना आणि आम्हाला सहज जमले. गटात कोणी पुरुष असता तर त्या बहुधा इतक्या निवांत बसल्या नसत्या. पंखा बंद केला. फ्रिज नव्हताच. त्या चौदा मिनिटे बोलल्या आणि त्यातली दोन मिनिटे दहा सेकंद माहितीपटात आली. हळदीच्या धुळीत दिवसभर बसल्यावर घरी जाऊन भाकरी थापताना पीठही पिवळे होते, असे त्या म्हणाल्या. तीन महिने यार्डात फिरून मला हे दिसले नव्हते. त्यासाठी आजोबांचे एक लाडके वाक्य काढावे लागले. ते काढताना मी दोनदा माघार घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी आई माझ्या शेजारी बसल्या होत्या. शेवटी श्रेयनामावली वर सरकू लागली. महाविद्यालयाच्या नियमाप्रमाणे तिथेही दाखल्यावरचेच नाव घालावे लागते. ‘संकलन व दिग्दर्शन’ याखाली ते आले तेव्हा आई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, “ही कोण गं? तुझं नाव कुठं गेलं?” अठरा वर्षांत त्यांनी ते नाव कधी ऐकले नव्हते. मी सांगितले. त्या पुढचा माहितीपट सुरू होईपर्यंत गप्प राहिल्या आणि मग ते नाव एकदा हळूच उच्चारून पाहिले.

खर्चाचा हिशेब विचारणाऱ्या बऱ्याच जणी असतात म्हणून देते : शुल्क १८,०००, अनामतीतून कपात ६००, हार्ड डिस्क ४,६००, मेमरी कार्ड १,१००, हेडफोन १,९००, रॅम २,९००, पेट्रोल आणि खाणे-चहा ३,७००, अर्ज, प्रतिज्ञापत्रे, नोंदणी, ग्रंथालयाचा दंड असे सगळे कागदी काम २,१५०. एकूण ३४,९५०. दुसरी हार्ड डिस्क मिरजेच्या मुलीची होती, ती यात धरलेली नाही.

पदविकेचे प्रमाणपत्र सप्टेंबरमध्ये मिळाले. त्यावर पहिले नाव माहेरचे, मधले नाव यजमानांचे आणि आडनाव पुन्हा माहेरचे आहे. या नावाची बाई कुठल्याच कागदावर नाही. परीक्षा अर्जाची छापील प्रत सहीसाठी समोर येते तेव्हा त्यातले स्वतःचे नाव अक्षर न् अक्षर लावून वाचावे. मी फेब्रुवारीत यार्डातून थेट येऊन, हाताला हळद लागलेली असताना, न वाचता सही केली होती. दुरुस्तीसाठी अर्ज, दाखल्याची साक्षांकित प्रत, विवाह नोंदणीचा दाखला, ‘व्यक्ती एकच’ असल्याचे तेच प्रतिज्ञापत्र आणि २०० रुपये शुल्क द्यावे लागले. सहा ते आठ आठवडे लागतील असे सांगितले आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ठेवला आहे.